माणूस कळायला राक्षस, रोबो आणि परग्रह कशाला?

प्रश्न असा आला आहे: "साध्या कादंबऱ्यांमध्ये खरी माणसं असतात, त्यांची खरी सुखदुःखं असतात. मग माणूस म्हणजे काय हे समजून घ्यायला राक्षस, रोबो आणि परग्रहावरचे जीव कशाला हवेत? हे वास्तवापासून पळणं नाही का?"

मी बरीच वर्षं अद्भुतकथा आणि विज्ञानकथा लिहिते, इतरांची हस्तलिखितं तपासते, नव्याने लिहिणाऱ्यांना शिकवते. हा प्रश्न मला नेहमी भेटतो आणि तो मी गंभीरपणे घेते, कारण तो विचारणारा बहुतेक वेळा चांगला वाचक असतो.

वास्तववादी कथेत माणूसपण गृहीत धरलेलं असतं. पात्राला एकच शरीर आहे, ते एक दिवस मरणार आहे, त्याची आठवण त्याच्याच डोक्यात आहे, ते एकतर बाई आहे किंवा पुरुष आहे. हे कोणी सांगत नाही आणि वाचकही विचारत नाही. अद्भुतकथा यातली एखादीच गोष्ट काढून घेते. मरण काढलं, शरीर बदललं, आठवण दुसऱ्याच्या डोक्यात घातली. मग बाकीचं आयुष्य त्या रिकाम्या जागेभोवती कसं सरकतं ते दिसू लागतं. वाचकाचं लक्ष त्या विचित्र जीवावर खिळतं. लेखकाने मात्र खरी नजर ठेवायची ती त्याच्यासमोर उभ्या असलेल्या साध्या माणसावर. तो समोरच्याला कोणीतरी मानतो की काहीतरी समजतो? माझ्या अनुभवात या कथांचा सगळा जीव या एका क्षणात असतो.

आधी 'पळणं' या आरोपाबद्दल. जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल या गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्याचे कोरलेले तुकडे सापडले. पुढे ते जोडल्यावर सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती उभी राहिली: धड माणसाचं, डोकं सिंहाचं. तिचं वय सुमारे ४०,००० वर्षं मानतात. दगडी हत्यारं घेऊन तशीच मूर्ती घडवून पाहिली, तेव्हा ४०० तासांहून जास्त काम लागेल असा अंदाज निघाला. हिमयुगात शिकारीवर जगणाऱ्या कोणीतरी एवढे तास अशा जीवावर घालवले, जो त्याने कधी पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. तो कशासाठी घडवला हे त्या मूर्तीवरून सांगता येत नाही. पण जे नाही त्याची कल्पना करणं ही चैन नव्हती, ती पोटापाण्याच्या झगड्याच्या बरोबरीने चालली होती, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात या आरोपाला उत्तर दिलं होतं. टीकाकार कैद्याची सुटका आणि पळपुट्या सैनिकाचं पलायन यांत गल्लत करतात, असा त्यांचा मुद्दा होता. पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर लढलेल्या माणसाने हा फरक सांगावा, याला माझ्या लेखी वजन आहे.

आता माणसं नसलेल्या पात्रांमध्ये आपण गुंततो तरी का, ते पाहू. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी खोका एवढंच होतं. आकृत्या इकडून तिकडे सरकत होत्या. जे दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं. त्यातल्या फक्त एकाने निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांना तिथे जिवंत कोणीतरी दिसलं, आणि बहुतेकांना तर चक्क माणसं: दांडगाई करणारा मोठा त्रिकोण, घाबरलेलं वर्तुळ, सुटकेची धडपड. मन दिसायला आपल्याला चेहरासुद्धा लागत नाही, हालचाल पुरते. रोबोसाठी वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं त्याचं मूळ इथे आहे.

पण हीच ताकद उलटीही चालते. त्रिकोणात मन पाहणारा माणूस समोरच्या जिवंत माणसात ते पाहायला नकार देऊ शकतो. १८१८ साली आलेली मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन' या नकाराची कथा आहे. शास्त्रज्ञाने निसर्गाशी खेळ केला आणि त्याला शिक्षा झाली, असा तिचा अर्थ लोक वर्षानुवर्षं सांगत आले. पुस्तक नीट वाचलं तर व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनची मोठी चूक वेगळीच दिसते. जवळजवळ दोन वर्षं खपून त्याने एक जीव घडवला आणि त्या जिवाने डोळे उघडताच तो खोलीतून पळून गेला. पळाला तो घडवणारा.

यातली रचना मी शिकवताना नेहमी उलगडून दाखवते. सगळ्यात बाहेर एका दर्यावर्दी तरुणाची पत्रं आहेत. त्यांच्या आत व्हिक्टरचं निवेदन, आणि त्याच्याही आत, पुस्तकाच्या अगदी मध्यभागी, त्या निर्मित जिवाचं स्वतःचं बोलणं. तो एका कुटुंबाशेजारच्या खोपटात लपून फटीतून त्यांचं बोलणं ऐकतो, भाषा शिकतो, सापडलेली पुस्तकं वाचतो. शेवटी धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो. म्हातारा त्याच्याशी आपुलकीने बोलतो, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येतो. मग डोळस मुलं घरी येतात आणि त्याला मारून हाकलतात. आता वाचक कुठे बसला आहे ते बघा. त्यालाही चेहरा दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात. शेलीने वाचकाला त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या जागी बसवलं आहे. पडद्यावर आधी चेहरा येतो आणि ही जागा हातची जाते, म्हणून ही कथा फक्त सिनेमातून माहीत असलेल्यांना मी पुस्तक वाचायचा आग्रह करते.

भाषा, बुद्धी, भावना ही माणसाची खास लक्षणं म्हणायची, तर त्या जिवापाशी तिन्ही आहेत. तरी त्याला माणसांत जागा नाही. म्हणजे लक्षणांची यादी पुरी करून कोणी माणसात येत नाही. कोणीतरी त्याला आत घ्यावं लागतं.

जे कथेत होतं ते यंत्रांच्या बाबतीत प्रत्यक्षातही घडलं. १९५० साली गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने यंत्राच्या विचारशक्तीचा प्रश्न संवादाच्या खेळात बसवला: लेखी बोलण्यातून समोर यंत्र आहे की माणूस हे ओळखता येतं का? १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी आपल्या 'एलिझा' या संगणकाच्या प्रोग्रामविषयी लिहिलं. त्याची युक्ती साधी होती. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उचलायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या ढंगात प्रश्न करून परत द्यायचे. तो कसा तयार होत गेला हे त्यांच्या सेक्रेटरीने महिनोन्महिने पाहिलं होतं. तिनेच थोड्या बोलण्यानंतर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण आता बोलणं खाजगी झालं होतं. वायझेनबाउम यांना या प्रसंगाने अस्वस्थ केलं आणि त्यांनी पुढे यावर एक पुस्तकच लिहिलं.

या प्रसंगात मला तिच्या भोळेपणापेक्षा तिची गरज जास्त दिसते. कोणीतरी ऐकून घेतं आहे एवढ्या भासानेही माणूस मोकळा होतो, याचा अर्थ ऐकून घेणारं कोणी नसणं किती सर्वत्र असेल! यंत्राला खरंच काही वाटतं का, हा प्रश्न मोठा आहे, पण कथाकाराला त्याच्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही. माणसासारखं बोलणाऱ्या, कधीही न दुखावणाऱ्या गोष्टीवर दिवसभर हुकूम सोडण्याची सवय लागलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या माणसाशी कसा बोलेल? यावर आजच कथा लिहिता येते. लिहायलाच हवी.

शरीर आणि ओळख यांचा प्रश्न तर आपल्याकडे विज्ञानकथेच्या कितीतरी आधी विचारून झाला आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या गोष्टी आहेत. त्यातल्या एकीत एक स्त्री, तिचा नवरा आणि तिचा भाऊ प्रवासाला निघतात. वाटेत देवीच्या देवळात नवरा भक्तीच्या भरात आपलं शिर वाहतो, मागोमाग गेलेला भाऊही तेच करतो. ती जीव द्यायला निघते तेव्हा देवी म्हणते, शिरं धडांना लाव, दोघं उठतील. घाईत ती शिरांची अदलाबदल करते. आता नवरा कोण? राजा सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं शिर तो नवरा, कारण सगळ्या अवयवांत शिर श्रेष्ठ. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एका राजपुत्राची जाणीव चांभाराच्या शरीरात घालून हाच प्रश्न विचारला आणि ओळख आठवणीशी बांधली. राजाचं आणि लॉकचं उत्तर एकाच दिशेला जातं.

मला त्या गोष्टीत जे विलक्षण वाटतं ते वेगळंच आहे. राजा एका वाक्यात निकाल देतो, वेताळ पुन्हा झाडावर जातो, आणि त्या स्त्रीला कोणी काही विचारत नाही. ज्याच्याबरोबर तिला संसार करायचा आहे त्याचे हात तिच्या भावाचे आहेत. आजचा लेखक तिथून सुरुवात करील. ते हात पाहून तिला काय वाटतं? नवऱ्याचे ओळखीचे हात आता भावाच्या चेहऱ्याखाली वावरत असताना ती त्याच्याशी कशी बोलते? निकालाने प्रश्न संपला, जगणं तसंच उरलं.

वेताळाची अट मात्र मी या लेखनाचा पाया मानते. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील! ऐकणाऱ्याला नुसतं ऐकून उठता येत नाही. चांगली विज्ञानकथा वाचकावर हीच अट घालते.

अमरत्वाच्या कथांवर थोडं रेंगाळायला हवं, कारण तिथे एक गोष्ट इतक्या वेळा समोर येते की तो योगायोग वाटत नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याला शाप मिळतो: ३,००० वर्षं तू भटकशील, सोबत कोणी नसेल, कोणाशी बोलणं होणार नाही. लोकांना जखम आणि भळभळणारं रक्त आठवतं. मूळ शापातला भर एकटेपणावर आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये न मरणारी काही माणसं आहेत. म्हातारपण त्यांना सोडत नाही, ८० व्या वर्षी कायदा त्यांना मेलेलं समजतो. पण स्विफ्टचा खरा घाव पुढे आहे. देशाची भाषा बदलत जाते आणि २०० वर्षांनंतर हे लोक आपल्याच देशात परके होतात, शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलता येत नाहीत. मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातला राजा गिल्गमेश अमरत्वाच्या शोधात निघतो तो स्वतःच्या मरणाच्या भीतीने, पण ती भीती त्याला कळते जिवलग मित्र एन्किडू गेल्यावरच.

इतक्या लांबच्या तीन परंपरांमध्ये अमरत्वाची अडचण एकच निघते: सोबतीचा माणूस. अनंत आयुष्य दिलं तर माणूस आधी काय गमावतो, तर ज्याच्याशी बोलायचं तो. मरण काढून घेतल्यावरच हे दिसलं. मरण जागेवर असतं तेव्हा सगळं दुःख तेच आपल्या नावावर घेतं आणि एकटेपण त्याच्याआड झाकलं जातं.

काळाचं गणितही असंच वापरता येतं. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात घड्याळ पृथ्वीच्या मानाने सुमारे दहापट सावकाश चालतं. यानातल्या ५ वर्षांत पृथ्वीवर ५० वर्षं उलटतात. हे आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सिद्धांतातून येतं, कल्पनेतून नाही. आता तिशीतली आई ५ वर्षांच्या मुलीला ठेवून जाते आणि पस्तिशीत परतते. मुलगी ५५ वर्षांची आहे. नव्या लेखकांना मी हा प्रसंग लिहायला देते. बहुतेक जण आईचं रडणं लिहितात. थोडे जण मुलीचा राग लिहितात, तो जास्त खरा असतो. एकीने मात्र मुलीला आईची काळजी घेताना दाखवलं: जगाची माहिती नसलेल्या तरुण मुलीला मोठ्या बाईने समजून घ्यावं तशी. आईपण वयात नसतं, बरोबर घालवलेल्या काळात असतं, हे त्या चार पानांत असं उतरलं की मी ते समजावून सांगायचा प्रयत्न केला असता तर फिकं पडलं असतं. गणिताने अंतर मोजलं, त्या अंतरात कोण उभं आहे ते कथेने दाखवलं.

म्हणूनच हस्तलिखित हातात आल्यावर मी यंत्र किती अचूक आहे हे नंतर बघते. आधी बघते, किंमत कोणी मोजली. अमर झालेल्या समाजात पुढच्याच पानावर लग्नं, वारसाहक्क, जन्मठेप सगळं जसंच्या तसं चालू असेल, तर लेखकाने मरण काढलंच नाही, फक्त काढलं असं म्हटलं. जादू फुकट मिळत असेल, तिला मर्यादा नसेल, तर पात्राला काही निवडावंच लागत नाही. निवड नसली की माणूस दिसायचा थांबतो, मग आकाशात कितीही ड्रॅगन उडोत. परग्रहावरचे जीव फक्त मारण्यासाठी आणले असतील तर मी ते हस्तलिखित परत पाठवते. समोरच्याला मन नाही असं एकदा ठरवलं की काहीही करायला मोकळीक मिळते, आणि माणसांनी माणसांवर हा प्रयोग पुष्कळ केलेला आहे.

एच. जी. वेल्सला हे १८९८ साली कळलं होतं. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरचे जीव इंग्लंडवर चालून येतात. हल्ला सुरू होण्याआधी, पहिल्याच प्रकरणात, तो वाचकाला थांबवून टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी पन्नास वर्षांत त्यांचा नायनाट केला. मग मंगळवासी त्याच वृत्तीने लढले तर तक्रार करण्याइतके आपण दयाळू आहोत का, असं तो विचारतो. (ते लोक पूर्ण संपले हे खरं नाही, त्यांचे वंशज आजही आहेत. संहार मात्र खरा होता.) साम्राज्याच्या ऐन भरात इंग्रज वाचकाला त्याने जिंकल्या गेलेल्यांच्या जागी उभं केलं. त्या काळच्या त्या वाचकाने हीच गोष्ट वास्तववादी कादंबरीत किती पानं सोसली असती, याची मला शंका आहे. मंगळाचं नाव घातल्यावर तो शेवटपर्यंत वाचत गेला.

अद्भुतकथेत दया कशी काम करते याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण टॉल्किनच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये आहे (१९५४-५५). अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ज्वालामुखीच्या कडेवर पोचतो आणि शेवटच्या क्षणी हरतो. अंगठी माझी, असं म्हणतो. काम पुरं होतं ते त्या अंगठीच्या हव्यासाने पछाडलेल्या गॉलममुळे, आणि गॉलम तिथे असतो कारण आधी ज्यांच्या हातात त्याला मारण्याची संधी होती त्यांनी त्याला जिवंत सोडलेलं असतं. ती दया केली तेव्हा तिचा काही उपयोग दिसत नव्हता, उलट ती मूर्खपणाच वाटत होती. नायकाची इच्छाशक्ती पुरली नाही, हे लिहायला लेखकाला धैर्य लागतं.

याचा अर्थ वास्तववादी कथा कमी पडते असा नाही. एका घरातल्या दोन माणसांमधली वर्षानुवर्षांची अढी तीच नीट सांगू शकते, तिथे ड्रॅगन आणणं म्हणजे अडथळाच. पण जिथे सवयीमुळे आपल्याला प्रश्नच दिसत नाही तिथे अद्भुत लागतं, आणि ते लेखकाचीही सवय उघडी पाडतं. अर्सुला ले ग्विन यांनी १९६९ साली 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये असे लोक कल्पिले, ज्यांना कायमचं स्त्रीपण किंवा पुरुषपण नाही. महिन्यातले थोडे दिवस ते यातलं काहीतरी होतात, एरवी दोन्हीही नसतात. पृथ्वीकडून आलेला दूत आणि तिथला एक मुत्सद्दी बर्फावरून जीवघेणा प्रवास करतात. समोरचा पुरुषही आहे आणि स्त्रीही, हे तो दूत त्या प्रवासातच मान्य करतो, आणि त्याचा खरा विश्वास तिथूनच सुरू होतो. त्या लोकांसाठी ले ग्विन यांनी कादंबरीभर 'तो' हेच सर्वनाम वापरलं. टीका झाल्यावर १९७६ सालच्या निबंधात त्यांनी त्याचं समर्थन केलं. १९८७ साली तोच निबंध त्यांनी पुन्हा हाती घेतला, जुना मजकूर तसाच ठेवला आणि जागोजागी स्वतःला खोडून काढणारी टिपणं जोडली. ती टिपणं मी प्रत्येक नव्या लेखकाला कादंबरीच्या आधी वाचायला देते.